कोठीतली केबिन

“हे नाही चालायचं,” शालन म्हणाली आणि खाकी कागदावरचा निळा दोरा तिनं चिमटीत धरून उचलला.

“आता काय झालं?”

“ही तार दारातून गेलीय. येता-जाता पायात येईल.”

“दाराच्या वरनं गेलीय. चौकटीच्या वरनं.”

“तसं दिसत नाही.”

“अगं, नकाशात सगळं सपाटच दिसणार.”

“माझ्या ड्राफ्टमध्ये बाही पण सपाटच असते. तरी ती बाही आहे हे पोरींना कळायचं.”

गफूरभाई दारात पालथ्या बादलीवर बसून चहा पीत होता. तो हसला आणि चहा त्याच्या नाकात गेला. गफूरभाई आमचा वायरमन. वय पंचावन्नच्या पुढं. अर्ध्या बार्शीच्या भिंतींत कुठली तार कुठून गेलीय हे त्याला पाठ. तीन दिवस तो छिन्नी-हातोडी घेऊन येत होता, चहा पिऊन परत जात होता.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आता शालन नाही. पण तेव्हा होती, आणि चांगली ठणठणीत होती, भांडायला तर फारच.

मी रघुवीर टॉकीजला एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. गावात मला मल्हारी क्षीरसागर म्हणून कोणी ओळखत नाही, ऑपरेटर म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवतं. टॉकीज बंद झालं, तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं, आणि मी सहा वर्षं मशीनशिवाय घरी बसलो. मग त्या साली पुण्याहून ज्योत्स्नाचा, म्हणजे आमच्या मुलीचा फोन आला. जावयांनी घरातल्या सिनेमाचा नवा संच घेतला होता, जुना आम्हाला पाठवत होते. चार खोकी आली. एक प्रोजेक्टर, एक अँप्लिफायर, एक डिस्क लावायचा प्लेअर, पाच स्पीकर आणि वर एक नुसता धमधम करणारा मोठा खोका. मी एकेक बाहेर काढून पुसलं. प्रोजेक्टर माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. माझी टॉकीजमधली दोन मशीनं उभ्या म्हशींएवढी होती.

जागा एकच होती. शालनच्या शिवणक्लासची खोली, अठरा बाय अकरा. गुडघे धरले म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं क्लास बंद केला होता. खोलीच्या मागं भिंतीला लागून पाच फुटांची कोठी, ज्वारीच्या कणग्यांची.

“खोली देते,” ती म्हणाली होती. “पण एक अट आहे. आधी कागदावर ड्राफ्ट करायचा. मी मंजूर केल्याशिवाय भिंतीला छिन्नी लावायची नाही. कापड एकदा कापलं की बोंबलून उपयोग नसतो.”

मला पटलं. तिनंच खाकी कागद दिला. एका फुटाला एक इंच धरून मी खोली आखली. मग तिच्या डब्यातून दोरे घेतले. वीज लाल, स्पीकरच्या तारा निळ्या, चित्राची तार पिवळी. स्पीकरच्या जागी पांढरी बटणं, अँप्लिफायरला कोटाचं काळं बटण. टाचण्या लावून सगळं पक्कं केलं. गफूरभाईनं बघितलं आणि म्हणाला, “दादा, इंजिनियर लोक आमाला असा नकाशा देत नाहीत.”

माझा नकाशा सरळ होता. कोठीची केबिन करायची. मधल्या भिंतीला फूटभराचं भोक, त्याला काच. आत कडप्प्यावर प्रोजेक्टर, खाली अँप्लिफायर, बाजूला प्लेअर. पिवळा दोरा जेमतेम दोन इंचांचा. संचाबरोबर तीन मीटरचीच तार आली होती, ती पुरून उरत होती. माझ्यासाठी आत एक स्टूल. आणि एक बेल.

“बेल कशाला?” शालननं पहिल्या दिवशी विचारलं.

“इंटरव्हलची.”

“आणि दारात तिकिटं कोण फाडणार?”

“तू थट्टा कर. पण सिनेमा म्हटला की केबिन पाहिजे. मशीनचा आवाज खोलीत नको, मशीनचा उजेड खोलीत नको. माणसाला मशीन दिसलं की सिनेमाची मजा गेली.”

“हं,” ती म्हणाली. “आणि कणग्या कुठं ठेवू? तुमच्या डोक्यावर?”

मी दुपारभर खपून कणग्या जिन्याखाली लावल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं उंदीर काढले. भोक पाडलं की कोठीतले उंदीर खोलीत येणार. मी म्हटलं, काच आहे. ती म्हणाली, काच फुटते. मी म्हटलं, एकतीस वर्षांत एक फुटली नाही. ती म्हणाली, टॉकीजच्या उंदरांना सिनेमा बघायचा असायचा, आमच्या उंदरांना ज्वारी खायची असते.

आणि तिसऱ्या दिवशी ही दारावरची तार.

त्या दिवशी गफूरभाईला सोडायला मी कोपऱ्यापर्यंत गेलो. सायकलला हात लावून तो थांबला. “दादा, एक बोलू? शुक्रवारपासून माझं कारखान्यावर काम हाय. दोन महिने मी हितं नसणार. उद्या पाईप बसवायला भिंतीत झिऱ्या पाडल्या तर पाडल्या. नायतर ज्योत्स्नाताई दिवाळीला येतील आन खोकी तशीच.”

“मी काय करू? तू बघतोयस ना.”

“वहिनींना खोली द्यायचीच नसंल. पंचवीस वर्सं क्लास घेतला त्यांनी त्यात.”

मलाही तेच वाटायला लागलं होतं. घरी आलो. शालन भाकरी थापत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “तुला खोली द्यायची नसेल तर सरळ सांग. संच परत पाठवतो पुण्याला.”

थापायचे हात थांबले. “मी कुठं नको म्हणाले?”

“मग रोज एक नवीन खुसपट कशाला?”

“तुम्हाला कळत नसलं तर राहू द्या.”

“काय कळत नाही?”

“भाकरी करपतेय,” ती म्हणाली. भाकरी अजून तव्यावर पडलीही नव्हती.

आता खरं सांगायचं तर मला त्या केबिनची भूक लागली होती. सहा वर्षं. सकाळी उठलो की हात शिवशिवायचे. गावात लोक ऑपरेटर म्हणायचे आणि मी मान हलवायचो, पण मशीन नसलेला ऑपरेटर म्हणजे बैल नसलेला गाडीवान. ती पाच फुटांची कोठी मिळाली असती तर मी पुन्हा माणसात आलो असतो. एवढं हिला कळू नये याचा मला राग आला.

गुरुवारी सकाळी शालन गिरणीत दळण घेऊन गेली. गिरणीला गर्दी असते, तास तरी लागणार. गफूरभाई आला. मी त्याला म्हटलं, “दे इकडं छिन्नी.”

“वहिनी?”

“मी बघतो.”

“दादा, त्यांनी मंजूर केल्याशिवाय म्हणलं होतं.”

“तू नको पाडू. मी पाडतो. तुझ्यावर येणार नाही.”

कोठीत शिरलो आणि आतून ठोकायला सुरुवात केली. जुनी विटांची भिंत, चुन्यात बांधलेली, भराभर सुटत गेली. पाऊण तासात फूटभर भोक आरपार. माझ्या डोक्यावर, मिशीवर सगळीकडं लाल धूळ. गफूरभाई खोलीच्या बाजूला घमेलं धरून उभा होता आणि “या अल्ला, या अल्ला” म्हणत होता. भोक माझ्या डोळ्यांच्या जरा खाली आलं. मी मान वाकवून त्यातून बघितलं. समोर पडद्याची भिंत दिसली. एकतीस वर्षं जशी मान वाकवत होतो तशीच वाकली, आपोआप. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तेवढ्यात त्या भोकात शालन दिसली. दळणाचा डबा कमरेवर, कपाळावर पीठ. गिरणीची वीज गेली होती म्हणून लवकर आली होती.

गफूरभाई घमेलं घेऊन जो कोपऱ्यात सरकला तो भिंतीचा भाग झाला.

मी वाट बघत होतो, आता काय बोलते. मी शब्द मोडला होता आणि तिचा स्वभाव मला ठाऊक होता. एकदा एका पोरीनं न विचारता कापड कापलं तर तिला महिनाभर नुसती तुरपाई करायला लावली होती. पण ती ओरडली नाही. तिनं डबा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि भोकाकडं बघत राहिली.

“दिसतेय का मी?” तिनं विचारलं.

“दिसतेस की.”

ती दोन पावलं माझ्या बाजूला आली. “आता?”

“आता अर्धी.”

ती आणखी पुढं आली, अगदी भोकाच्या खाली, भिंतीला पाठ लावून बसली. बांगड्या वाजल्या तेवढ्या ऐकू आल्या.

“आता?”

“आता कशी दिसशील? केबिनच्या काचेतून खालची शेवटची रांग दिसत नसते. पडद्याकडं बघायला असते ती काच.”

“तिथंच बसायची मी,” खालून आवाज आला.

मी छिन्नी खाली ठेवली. 

“दर मंगळवारी,” शालन बोलायला लागली. दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. “बाल्कनीत, शेवटची रांग, भिंतीकडच्या दोन खुर्च्या. मॅनेजर दर आठवड्याला ऑपरेटरच्या घरी पास द्यायचे. आठवतंय ना, पास किती जणांचा असायचा?”

“दोघांचा.”

“दोघांचा. दारावरचे दिगंबरभाऊ मला विचारायचे, वहिनी, दुसरं कोण? मी म्हणायची, येतायत. हाऊसफुल्लला लोक भांडायचे माझ्याशी त्या खुर्चीवरनं. मी पिशवी ठेवायची आणि म्हणायची, आमचे मालक येतायत.”

“अगं, पण मी वर असायचो. तुला माहीत होतं की.”

“माहीत होतंच. म्हणून तर तिथं बसायची. डोक्यावर तुमच्या मशीनची घरघर ऐकू यायची. बाकीच्यांना त्रास व्हायचा तिचा.”

“मग कुणाला तरी आणायचं बरोबर. शेजारच्या गोदाक्कांना.”

“गोदाक्कांचं लग्न झालंय का माझ्याशी?”

कोपऱ्यातून गफूरभाईच्या घशातून कसलासा आवाज आला.

“तेव्हा मी काही म्हणाले नाही,” शालन म्हणाली. “तुमचं काम होतं. त्याच्यावर घर चाललं. पण आता कशाला? आता कोण मॅनेजर आहे? आपल्याच घरात, आपल्याच खोलीत, तुम्ही भिंतीच्या पलीकडं स्टूल टाकून बसणार, आणि मी अलीकडं पुन्हा पिशवी ठेवून बसू? तीन दिवस वाट बघतेय, की ह्या माणसाला नकाशात कधीतरी स्वतःचं स्टूल दिसेल.”

मी कोठीत उभा होतो. धूळ डोळ्यांत गेली होती, त्यामुळं डोळे चोळावे लागले. 

“हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?”

“सांगून बसवलं तर काय उपयोग?”

“मग उंदीर कशाला काढलेस?”

“उंदीर आहेतच,” ती म्हणाली. “या बाहेर. अंगावरची धूळ झाडून या, जमीन सारवल्यासारखी लाल झालीय सगळी.”

मी बाहेर आलो. ती खाकी कागद पुढ्यात घेऊन बसलीच होती. एकेक टाचणी उपटली, दोरे काढले, आणि पाव तासात नवा ड्राफ्ट केला. तिला तारांतलं काही कळत नव्हतं, पण कापड कमी असताना झबलं कसं बसवायचं ते कळत होतं. सोफा मधोमध. सोफ्याच्या डाव्या हाताला लागून एक बुटकं कपाट, त्यात अँप्लिफायर आणि प्लेअर.

“हे तुमच्या हाताशी,” ती म्हणाली. “मशीन लांब गेलं की तुम्हाला चैन पडत नाही. उठायचं नाही, बसल्या जागी काय ती बटणं दाबायची.”

प्रोजेक्टर छताला, सोफ्याच्या मागं. मग पिवळा दोरा कपाटापासून बाजूच्या भिंतीला, तिथून कोपऱ्यानं वर, छताच्या कडेनं मागं, आणि प्रोजेक्टरपर्यंत. तिनं टेपनं मोजला. वर चढायची उंची धरून एकतीस फूट.

“आपल्याकडं तीन मीटरची तार आहे,” मी म्हटलं. “ही दहा मीटरची लागतेय. एवढ्या लांब चित्र नीट पोचलं नाही तर?”

“पंधराच्या पुढं चित्र थरथरतं,” गफूरभाई कोपऱ्यातून सुटून पुढं आला. “दहाला काय होत नाही. जाड बघून आणतो. फक्त विजेची लाल एक फूट लांब ठेवू, जवळ आली तर स्पीकर गुणगुणतात. आन पाईपला काटकोन नको, गोल बेंड टाकू. म्हंजे उद्या तार बदलायची म्हणली तर ओढता येईल.”

“बघा,” शालन म्हणाली. “गफूरभाईंना लगेच समजतं.”

“मला काय समजलं नव्हतं वहिनी, मी बी खोलीचंच म्हणत होतो,” गफूरभाई म्हणाला आणि जीभ चावली.

“काय म्हणत होता?”

“काय न्हाय. दोरी द्या एखादी. पाईपमधनं आधी दोरी घालून ठेवतो, मग तार ओढायची.”

तिनं काजाचा दोरा दिला. तो पहिल्याच बेंडला तुटला. मग वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली आणि आमचे कपडे त्या दिवशी कंपाउंडवर वाळले. दिवसभर झिऱ्या पाडल्या, पाईप बसवले. गफूरभाई एका टोकाला ओढायचा, मी दुसऱ्या टोकाला ढकलायचो, शालन मध्ये उभी राहून “आली, आली, अडकली” सांगायची. कोठीचं भोक गफूरभाईनं दोन-चार विटा आणि घमेलंभर माल घालून बुजवलं. बुजवताना त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मी म्हटलं, बुजव.

रविवारी दुपारी तीनचा खेळ ठरला. रंग अजून लागला नव्हता, पण आम्हाला धीर नव्हता. शालननं काळ्या अस्तराचे पडदे शिवून खिडक्या बंद केल्या. टॉकीजला जायची तशी इस्त्रीची साडी नेसली, पावडर लावली. मी म्हटलं, “शेजारच्या खोलीत तर जायचंय.” ती म्हणाली, “पहिल्यांदा नवऱ्याबरोबर सिनेमाला चाललेय.”

एक जुना कृष्णधवल कौटुंबिक सिनेमा लावला. आमच्या टॉकीजला तो अकरा आठवडे चालला होता. तेव्हा रोजचे तीन खेळ. म्हणजे दोनशेच्या वर वेळा मी तो दाखवला होता. मला वाटलं होतं, मला तो पाठ आहे. 

पण मी तो वरून, फूटभर काचेतून, मशीनच्या घरघरीत बघितलेला. निम्मा वेळ तर रिळं गुंडाळण्यात जायचा. खाली बसलं की माणसं मोठी दिसतात, मान वर करून बघावी लागते, आणि त्यांचे उसासेसुद्धा ऐकू येतात, हे मला माहीतच नव्हतं. नायकाची आई दाराआड रडते, त्याच्या आधी ती एकदा शिंकते. दोनशे वेळा दाखवून मला ती शिंक ठाऊक नव्हती.

वीसेक मिनिटं झाली आणि मी उठून उभा राहिलो.

“कुठं निघालात?”

“रीळ बदलायचं...”

शालननं माझ्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं. “बसा.”

असं त्या दुपारी चार वेळा झालं. चौथ्यांदा तिनं टोक सोडलंच नाही.

आणि दुसरी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. माझी बायको सिनेमात बोलते. थोडं नाही, अखंड. नायिका विहिरीवर आली की लगेच, “ब्लाऊजची बाही बघा. मघाशी कोपरापर्यंत होती, आता दंडावर गेली. एकाच सकाळी दोन ब्लाऊज कुठून आले हिच्याकडं?” सासू पडद्यावर आली की, “ही वाईट नाही, शेवटी कळतं.” मी म्हटलं, “अगं, मला माहिताय शेवट.” ती म्हणाली, “शेवट माहिताय तुम्हाला, बाही माहिती नव्हती ना? हे मला तेव्हाच सांगायचं होतं.”

“कधी?”

“सिनेमा लागला होता तेव्हा. घरी येईपर्यंत तुम्हाला रात्र व्हायची. दमलेले असायचा. मग राहून जायचं.”

एकतीस वर्षांचं असं किती राहिलं होतं कोण जाणे. त्यानंतर साडेतीन वर्षं, जवळजवळ दर रविवारी, ती सांगत होती. कुणाच्या कोटाचं बटण दोन सीनच्या मध्ये गळालं, कुठल्या नऊवारीचा काष्टा चुकीचा, कुठला खलनायक तिला मनातून आवडायचा. मी वैतागायचो. “शालन, संवाद ऐकू दे गं,” म्हणायचो. ती तोंडाला पदर लावायची, दोन मिनिटं गप्प राहायची, आणि मग, “एवढं एकच सांगते...”

ती गेल्यावर सहा महिने मी खोली उघडली नाही. मग गफूरभाईच एका रविवारी आला, म्हणाला, “दादा, मशीन बंद ठेवलं की खराब होतं, हे तुमाला मी सांगायचं व्हय?” त्यानंच पडदे ओढले, त्यानंच डिस्क लावली. सोफ्यावर माझ्या शेजारी मांडी घालून बसला. आवाज स्वच्छ होता. संवादातला एकेक शब्द ऐकू येत होता. मी अर्धा तास ते सगळे शब्द ऐकले. 

मग नायिका जिन्यावरून खाली आली.

“गफूरभाई, पदर बघ,” मी म्हटलं. “वर होती तेव्हा काठ रुंद होता. खाली येईपर्यंत अरुंद झाला.”

“असंल.”

“असंल काय? बघ की नीट. आणि ह्या माणसाचा कोट त्याच्या मापाचा नाही, खांदे उतरलेत. कुणाचा तरी मागून आणलाय.”

“दादा,” गफूरभाई काकुळतीला येऊन म्हणाला, “पिक्चर बघू द्या की जरा!”

“एवढं एकच सांगतो,” मी म्हटलं, आणि सिनेमा संपेपर्यंत सांगत राहिलो.